महागड्या फोर-व्हील गाड्या : रस्ता संपल्यावर कोण किती पाण्यात?

धंदा बरा चालला की माणूस आधी घर बांधतो आणि मग गाडी घेतो, ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. अलीकडे या गाडीची जागा उंच, अवजड आणि महागड्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांनी घेतली आहे. कोकणातील ज्या घरांतली माणसे दुबई, मस्कत, कुवेतला कामाला आहेत, तिथे तर लँड क्रुझर आणि पट्रोल (इंधनाचे पेट्रोल नव्हे, निस्सान कंपनीची गाडी) ही नावे लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. चार व्यापारी बसले की विषय निघतोच, यांच्यात खरी दमदार गाडी कोणती?

आम्ही कापडाच्या धंद्यातले, गाड्यांचे इंजिनिअर नव्हे. परंतु माल पारखण्याची सवय सगळ्या धंद्यांत सारखीच उपयोगी पडते. थानाची वरची घडी चकचकीत असली म्हणून कुणी शहाणा व्यापारी सौदा करत नाही. सुताचा काउंट काय, रीड-पीक किती, हे तो आधी विचारतो. फोर-व्हील गाडीचेही तसेच आहे. कातड्याच्या गाद्या, मोठा पडदा, लाकडाची कलाकुसर ही वरची घडी झाली. कच्च्या वाटेवर, वाळूत, खडकात आणि पाण्यात ती काय करील, हे तिच्या पोटाखाली वाकून पाहिल्याशिवाय समजत नाही.

पोटाखालची पहिली वस्तू म्हणजे डिफरन्शिअल. हा शब्द इंग्रजी असला तरी अर्थ आपल्या बोलण्यातला आहे, फर्क. गाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी अंतर तोडावे लागते. हा फर्क सांभाळण्यासाठी दोन चाकांच्या मधे ही गिअरची पेटी बसवलेली असते. डांबरी रस्त्यावर हिच्यासारखी सोय नाही. चिखलात मात्र हीच पेटी घात करते. कारण ती तराजूच्या दांडीसारखा न्याय करते. एका पारड्यात जितके जोर, तितकेच दुसऱ्या पारड्यात. आता एक चाक चिखलात किंवा हवेत असेल तर त्याला फिरायला जोर लागतच नाही. त्यामुळे पक्क्या जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. एक चाक भिंगरीसारखे फिरते आणि गाडी जागची हलत नाही. हे दृश्य पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येकाने पाहिलेले आहे.

ज्या गाडीत चारही चाकांना कायम ताकद जाते तिच्यात अशा तीन पेट्या असतात, पुढच्या चाकांत एक, मागच्या चाकांत एक आणि या दोन्हींच्या मधे एक. तिन्ही मोकळ्या असतील तर एकट्या चाकाने दगा दिला तरी चारही चाके बेकार होतात. म्हणजे ‘फोर-व्हील’ ही पाटी मागे लावलेली असली तरी तेवढ्याने काम होत नाही. यावर इलाज दोन. पहिला म्हणजे लॉक. बटण दाबले की पेटी जाम होते आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात, मग एक चाक हवेत असले तरी चिंता नाही. दुसरा इलाज संगणकाचा. जे चाक फुकट फिरते त्याला संगणक आपोआप ब्रेक लावतो, त्या चाकावर ओझे येते आणि तराजूच्या न्यायाने समोरच्या चाकालाही जोर मिळू लागतो. हा इलाज हुशारीचा आहे, ड्रायव्हरला काही करावे लागत नाही. पण चाक थोडे तरी घसरल्याशिवाय तो सुरू होत नाही आणि फार वेळ चालला तर ब्रेक तापतात.

दुसरी वस्तू लो-रेंज. गिअरबॉक्सच्या जोडीला आणखी एक पेटी असते. ती लावली की गाडीचा वेग अडीच ते तीन पटीने कमी होतो आणि चाकावरचा जोर तितक्याच पटीने वाढतो. खडा चढ, खडकाळ उतार किंवा फसलेली दुसरी गाडी ओढून काढणे, ही कामे या पेटीशिवाय नीट होत नाहीत. गाडीत खरोखर दम आहे की नुसता थाट, हे ओळखण्याची आमच्या मते ही सर्वांत सोपी कसोटी आहे. विक्रेत्याला एवढेच विचारावे, लो-रेंज आहे का?

या एका सवालाने बरीच गर्दी पांगते. बेंटलीची बेंटायगा (२०१५), लॅम्बोर्गिनीची उरुस, रोल्स-रॉइसची कलिनन (२०१८) या गाड्यांची किंमत ऐकून माणूस गप्प होतो, पण यांपैकी एकीतही लो-रेंज नाही. पोर्शची कायेन २००२ साली आली तेव्हा तिच्यात ती होती. २०१० साली दुसरी पिढी आली, तेव्हा कंपनीने ती काढून टाकली. कंपनीचा हिशेब उघड आहे, शंभरातले किती गिऱ्हाईक ती वापरतात? रेंज रोव्हर हे नाव मिरवणाऱ्या इव्होक गाडीतही ती नाही. ही वाईट गाडी आहे असे आम्ही म्हणत नाही, परंतु थोरल्या रेंज रोव्हरच्या नावावर धाकटीची ताकद गृहीत धरणे म्हणजे किनारीवरचा छाप पाहून कापड घेण्यासारखे आहे.

गर्दी पांगल्यावर मैदानात मुख्यतः तीन घराणी उरतात.

रेंज रोव्हर १९७० साली इंग्लंडमध्ये आली. त्या काळी रानावनात चालणाऱ्या गाड्यांना बैलगाडीसारखे कडक पाटे असत. हिला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि कायमची फोर-व्हील ड्राइव्ह होती. आज हिला राजवाड्यातली गाडी समजतात, पण पहिली गाडी आतून पाण्याच्या नळीने धुता येईल इतकी साधी होती. हिच्या लांब स्प्रिंगमुळे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले तरी चारही चाके जमिनीला धरून राहत. पुढे १९९२ साली हिच्यात हवेचे फुगे, म्हणजे एअर सस्पेन्शन आले. बटणाने गाडी उंच होते आणि बटणानेच खाली बसते. २००२च्या पिढीत वेगळी चेसिस गेली आणि बॉडी-चेसिस एकजीव झाली. २०१२ साली सगळी बॉडी ॲल्युमिनियमची झाली. जुन्या मिस्त्रींनी नाके मुरडली, परंतु पाण्यात उतरण्याची तिची मर्यादा ९०० मिलिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ तीन फूट.  टेरेन रिस्पॉन्स नावाची चकती याच कंपनीने २००४ साली डिस्कव्हरी गाडीत पहिल्यांदा दिली. वाळू, चिखल, खडक असे चित्र निवडायचे, बाकी इंजिन, गिअर, ब्रेक यांचा मेळ गाडी स्वतः घालते. नवशिक्या ड्रायव्हरला हिच्यासारखा उस्ताद नाही.

२००८ साली टाटांनी ही कंपनी फोर्डकडून घेतली. २०२४ साली रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणी पुण्याजवळच्या कारखान्यात सुरू झाली आणि किमती बऱ्याच उतरल्या. दुसऱ्या दोन घराण्यांच्या थोरल्या गाड्या मात्र आपल्याकडे तयार होऊनच येतात आणि त्यांच्या किमतीत जकातीचा मोठा वाटा असतो.

दुसरे घराणे मर्सिडीजच्या जी-क्लासचे. पेटीसारखा चौकोनी आकार १९७९पासून आजवर फारसा बदललेला नाही. ही गाडी ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात बनते आणि शेजारच्या शोक्ल नावाच्या डोंगरावर तिची परीक्षा होते. हिचे वैशिष्ट्य एकच, पण ते जबरदस्त आहे. पुढे, मधे आणि मागे तिन्ही ठिकाणी पूर्ण लॉक, आणि त्यांची तीन बटणे डॅशबोर्डवर ओळीने. आधी मधले लॉक, मग मागचे, शेवटी पुढचे. तिन्ही लागले की चार चाकांपैकी तीन निकामी झाली तरी चौथे गाडी ओढते. मजबूत शिडीची चेसिस अजून कायम आहे. २०१८ साली पुढचा सरळ ॲक्सल जाऊन तिथे स्वतंत्र सस्पेन्शन आले, त्यामुळे रस्त्यावर ती सुधारली. जमिनीपासून पोटाची उंची २४१ मिलिमीटर आणि पाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर आहे. खडकाळ डोंगरात आम्ही हिलाच पहिला नंबर देऊ. एक इशारा जरूर द्यायचा. पुढचे लॉक लावून गाडी सहजी वळत नाही, आणि पक्क्या रस्त्यावर लॉक ठेवून चालवली तर हजारोंचे गिअर तुटतात. २०२४ साली हिची विजेवर चालणारी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक चाकाला वेगळी मोटार आहे, म्हणजे चार चाकांमधला फर्क सांभाळायला त्या जुन्या पेट्यांचीच गरज उरली नाही. बॅटरी असूनही ती ८५० मिलिमीटर पाण्यातून जाते, हे वाचून आम्हालाही नवल वाटले.

तिसरे घराणे टोयोटाच्या लँड क्रुझरचे. १९५१ साली टोयोटाने जीपच्या धर्तीवर एक गाडी बनवली आणि ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. लँड क्रुझर हे नाव तिला १९५४ साली मिळाले. हिच्या मोठ्या गाड्यांची पिढी ८०, १००, २०० आणि २०२१पासून ३०० अशी चालत आली. या चारही पिढ्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २८५० मिलिमीटरच ठेवले आहे. चाळणीतून शोधून काढलेले माप बदलायचे नाही, ही जपानी कारागिराची शिस्त आहे. मागे भक्कम सरळ ॲक्सल, खाली शिडीची चेसिस. पाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर. आकडे पाहिले तर ही कुठेच पहिली येत नाही. तरीही आफ्रिकेच्या वाळवंटात मदतकार्य करणाऱ्या संस्था लँड क्रुझरच का घेतात? कारण शंभर किलोमीटरवर माणूस नसेल तिथे किती चढली यापेक्षा परत आली का, हा हिशेब मोठा असतो. तिचा पार्ट गावोगाव मिळतो आणि तिला हात लावणारा मिस्त्रीही मिळतो. लेक्सस एलएक्स ही हिचीच सजवलेली बहीण आहे, हाडे तीच.

पट्रोलचा उल्लेख न करता आखाताची गोष्ट पुरी होणार नाही. १९९७ची पट्रोल पुढे-मागे सरळ ॲक्सलची होती आणि वाळूचे शौकीन आजही तिच्या नावाने उसासे टाकतात. २०१० साली निघालेली पिढी खुद्द अबू धाबीत जगापुढे आणली गेली, २०२४ची नवी पिढीही तिथेच. गिऱ्हाईक कुठे बसले आहे हे निस्सानला नीट ठाऊक आहे.

आता वाळूविषयी थोडे विस्ताराने, कारण आपली कित्येक मुले आखातात ड्रायव्हर, टूर कंपनीत किंवा गॅरेजमध्ये आहेत आणि त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. अबू धाबीतील लिवा, ओमानमधील वहिबा आणि त्यापलीकडचे रुब अल-खाली इथे जी वाळू आहे ती आपल्या नदीच्या वाळूसारखी भरड नाही, पिठासारखी आहे. लिवाजवळची तल मोरीब ही टेकडी सुमारे ३०० मीटर उंच आहे. अशा ठिकाणी लॉकपेक्षा तीन गोष्टी जास्त कामाच्या, इंजिनाची ताकद, गाडीचे वजन आणि टायरमधील हवा. सगळ्यात स्वस्त वस्तू हवाच, आणि फर्क सगळ्यात मोठा तिचाच. रस्त्यावर टायरमध्ये ३३ ते ३६ पौंड हवा असते. वाळूत ती १५ ते १८वर आणतात. टायर चपटा होऊन लांब होतो, उंटाच्या तळव्यासारखा पसरतो आणि रुतण्याऐवजी वाळूवर तरंगतो. हवा न काढलेली दोन कोटींची गाडी जिथे फसते तिथून हवा काढलेली जुनी जीप निघून जाते.

इथेच थाटाच्या गाड्यांची गोम आहे. रेंज रोव्हरला २२ आणि २३ इंची रिमा घेता येतात. रिम जितकी मोठी तितका टायरचा रबरी भाग पातळ. त्यातली हवा काढली तर पसरायला रबरच उरत नाही, आणि एका दगडावर रिम वाकते. ज्याला खरोखर वाळूत जायचे आहे त्याने १८ इंची रिम मागावी, दिसायला कमी रुबाबदार असली तरी. आणि वाळूतून डांबरावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेवर १०० किलोमीटरच्या वेगाने पळवलेला टायर तापतो आणि फुटतो. त्यासाठी हवेचा पंप सोबत हवा.

वाळूच्या टेकडीवर चढ आणि उतार सरळ रेषेत घ्यायचा. आडवी गाडी म्हणजे उलटी गाडी, आणि या सगळ्या गाड्या अडीच टनांच्या आसपास व उंच आहेत. चाक घसरले की इंजिनाची ताकद तोडणारी यंत्रणा असते, ती वाळूत बंद ठेवावी किंवा वाळूचे चित्र निवडावे, नाहीतर ऐन चढावर गाडी दम सोडते. थांबायचे असेल तर उताराकडे तोंड करून थांबावे. आणि सबखा ओळखायला शिकावे. मिठाचा वरचा थर कोरडा, पांढरा आणि पक्का दिसतो, त्याखाली चिकट चिखल असतो. त्यात जी गाडी बसते तिला लॉकही काढत नाही आणि लो-रेंजही नाही. एकट्या गाडीने वाळवंटात न जाण्याचा नियम अनुभवी लोकांनी उगाच केलेला नाही.

पाण्याबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ९०० मिलिमीटरची मर्यादा म्हणजे संथ पाणी, पक्का तळ आणि सावकाश चाल. वाहते पाणी दोन फूट असले तरी मोठी गाडी उचलून नेऊ शकते. ओमानच्या वादीत डोंगरावर पाऊस पडतो आणि खाली कोरड्या पात्रात लोंढा येतो, तिथे कुठलीच मर्यादा लागू नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईने पाणी काय असते ते पाहिले. इंजिन हवा खेचते त्या तोंडातून पाणी आत गेले तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेले. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारणे हे याहून वाईट. असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. गाडी कोटीची आणि ही जोड विसरलेली, असे व्हायला नको. विमा घेताना कागद वाचून घ्यावा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना इतक्या किमतीच्या गाडीची गरज नाही हे आम्ही जाणतो. नाशिकला बनणारी महिंद्राची थार (२०२०ची नवी पिढी) ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते आणि तिच्यात लो-रेंज आहे. मारुतीची जिमनी जेमतेम १.२ टनाची, तिच्यातही लो-रेंज. चिखलात हलकी असणे हीच एक ताकद असते. ज्याची बाग सह्याद्रीच्या कुशीत आहे, ज्याला आंबा-काजूची पेटी खाली आणायची आहे, त्याचे काम यांत होते.

जुनी महागडी गाडी स्वस्तात मिळते म्हणून उडी मारणारे मात्र वाढत आहेत, त्यांच्यासाठी हे. एअर सस्पेन्शनच्या गाडीला रात्रभर सपाट जागेवर उभी करून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. एखादा कोपरा बसला असेल तर रबराचा फुगा झिरपतो आहे. फुगा झिरपला की कंप्रेसर सारखा चालतो आणि तोही जातो, आणि दोन्हींचे बिल एका लहान दुकानाच्या महिन्याच्या भाड्याहून मोठे येऊ शकते. लो-रेंज आणि लॉक प्रत्यक्ष लावून पाहावेत. शहरात वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रणा जाम झालेली असते आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. मातीच्या जागेवर, हळू, लॉक लावून वळवावी. खालची बाजू लिफ्टवर पाहावी. समुद्राच्या वाळूत फिरवलेली गाडी मिठाने आतून पोखरलेली असते, वरचा रंग कितीही चमको.

आखातातून परतणारे काही बांधव आपली लँड क्रुझर बरोबर आणता येईल का असे विचारतात. तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्या आयात नियमांनुसार वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि गाडी तीन वर्षांहून जुनी नको. त्यावर कर इतका की किंमत दुपटीच्या पुढे जाते. तेव्हा ती तिथेच विकून पैसे घेऊन यावे, आणि विकताना कंपनीच्या सर्व्हिसचे सगळे कागद गिऱ्हाईकासमोर ठेवावेत. वाळूत किती चालली हे तिथले गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते.